‘तीक्ष्ण’ : एका शब्दाचे अर्थ व प्रयोग

(१)

जुन्या पोथ्यांच्या संग्रहाचें काम करणारांस अवघड शब्द फारसे फसवीत नाहींत. अवघड शब्द दिसला कीं वाचणारा थांबतो, कोश उघडतो, जाणत्यास विचारतो. फसवितात ते सोपे शब्द. त्यांची ओळख आपणांस आहे असें समजून आपण पुढें जातों, आणि चूक मागें राहते. ‘तीक्ष्ण’ हा अशा शब्दांपैकीं एक आहे. शस्त्र तीक्ष्ण, बुद्धि तीक्ष्ण, दृष्टि तीक्ष्ण, हे प्रयोग लहान मुलासही कळतात. म्हणून पोथींत हा शब्द आला असतां त्यावर कोणी अडत नाहीं.

आम्हीही अडलों नाहीं, आणि त्याचा परिणाम असा झाला. कांहीं वर्षांपूर्वीं एका वैद्य घराण्याच्या दप्तरांतील सुटीं पानें यादी करण्यासाठीं आमच्याकडे आलीं होतीं. त्यांतील एका पानावर औषधाची कृति होती : आरंभीं ‘तीक्ष्ण’ व त्याचे भाग, मग त्रिफळ्याचा काढा, मग पुटें. यादींत या शब्दापुढें कंसांत ‘तिखट, बहुधा मिरें’ अशी टीप आम्हीं लिहिली आणि तें पान पाचक औषधांच्या गठ्ठ्यांत ठेवलें. पुढें दुसऱ्या कामासाठीं तेंच पान हातीं आलें तेव्हां मनांत आलें कीं, मिऱ्यांस पुटें देण्याचें प्रयोजन काय? पुटें देतात तीं धातूस. ती कृति लोहभस्माची होती, व ‘तीक्ष्ण’ म्हणजे तेथें लोखंडाची एक जात होती. त्याच हाताचीं, त्याच कागदाचीं आणखी पानें रसशास्त्राच्या गठ्ठ्यांत सांपडलीं. एका कंसांतील टीपेमुळें एक पान आपल्या भावंडांपासून तुटलें होतें, आणि आमच्या यादीवर विसंबून काम करणाऱ्या दुसऱ्या अभ्यासकास तें कधींच मिळालें नसतें.

या चुकीनें आम्हांस या शब्दाचा माग काढण्यास लावलें. त्यांतून जें हातीं आलें तें येथें मांडतों. आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे : ‘तीक्ष्ण’ शब्दाचा अर्थ नुसत्या शब्दावरून ठरवूं नये. त्याचें लिंग, त्याचे शेजारी आणि त्याचा विरुद्धार्थी शब्द या तीन खुणा पाहाव्या. या खुणा पाहिल्या तर तोच शब्द कोठें गुण आहे, कोठें धातु आहे व कोठें मनुष्य आहे, हें बहुधा स्पष्ट होतें.

(२)

प्रथम व्युत्पत्ति पाहूं. ‘तीक्ष्ण’ हा शब्द ‘तिज्’ या धातूपासून झाला आहे. धातुपाठांत या धातूचा अर्थ ‘निशान’, म्हणजे धार लावणें, असा दिलेला असून ‘क्षमा’ असाही एक अर्थ त्यास जोडला आहे. धार लावणें आणि क्षमा करणें यांचा मेळ वरवर बसत नाहीं. पण ‘तितिक्षा’ हा शब्द याच धातूचें इच्छार्थक रूप आहे, व तें सोसणें या अर्थीं रूढ झालें म्हणून वैयाकरणांनीं दोन्ही अर्थ नोंदविले. पाणिनीनें या रूपासाठीं सूत्रच केलें आहे.

याच धातूचें दुसरें अपत्य म्हणजे ‘तेजस्’. तेज म्हणजे प्रकाश, हा अर्थ आज प्रमुख झाला आहे. वैदिक भाषेंत मात्र शस्त्राची धार, टोंक, ज्वाळेचें अग्र असे अर्थ त्यास आहेत. धारेवर उजेड चमकतो आणि ज्वाळेस टोंक असतें, त्यामुळें धारेपासून दीप्तीकडे जाण्यास शब्दाला फार वळसा पडला नाहीं. ऋग्वेदांत ‘तिग्म’ हा शब्द वारंवार येतो. अग्नीच्या ज्वाळा, बैलाचीं शिंगें व आयुधें यांस तो लाविलेला आहे. सूर्यास ‘तिग्मांशु’ व ‘तीक्ष्णांशु’ अशीं दोन्ही नांवें मिळालीं तीं यामुळेंच.

हाच धातु इराणी भाषांतही आहे. अवेस्तेंत ‘तिघ्र’ म्हणजे टोंकदार आणि ‘तिघ्रि’ म्हणजे बाण; फारसींतील ‘तीर’ याच कुळांतील होय. इराणचा राजा पहिला दारियस (इ. स. पूर्वीं ५२२ ते ४८६) याच्या नक्ष-इ-रुस्तम येथील लेखांत शकांच्या एका टोळीस ‘तिग्रखौद’, म्हणजे टोंकदार टोप्या घालणारे, असें म्हटलें आहे. फारसी ‘तेज’ हा शब्दही याच घराण्यांतील. त्यामुळें मराठींत एकाच मुळाचे दोन ‘तेज’ एकत्र नांदत आहेत : एक संस्कृतांतून आलेला, दुसरा फारसींतून. त्यांविषयीं पुढें येईल.

(३)

आतां पहिली खूण, लिंग. या बाबतींत अमरसिंहानें आपणांवर मोठे उपकार केले आहेत. अमरकोशाच्या नानार्थवर्गांत ‘तीक्ष्ण’ शब्दाचे अर्थ सांगतांना त्यानें लिंगावरून दोन भाग पाडले आहेत. विष, अभिमर आणि लोह या तीन अर्थीं हा शब्द नपुंसकलिंगी नाम आहे. आणि ‘खर’ या अर्थीं तो तिन्ही लिंगांत चालतो, म्हणजे विशेषण आहे. ‘अभिमर’ म्हणजे घात, वध किंवा युद्ध. शिवाय वैश्यवर्गांत लोखंडाचीं नांवें देतांना शस्त्रक, पिंड, कालायस, अयस्, अश्मसार यांच्या पंक्तींत ‘तीक्ष्ण’ हें नांव त्यानें पुन्हां घातलें आहे.

याचा व्यवहारांतील उपयोग असा. ‘तीक्ष्ण’ हें पद ज्या वाक्यांत विशेष्याशिवाय, एकटें, नपुंसकलिंगी व बहुधा एकवचनीं येतें, तेथें प्रथम पदार्थाची शंका घ्यावी, गुणाची नव्हे. आमच्या पानावर ‘तीक्ष्ण’ या शब्दापुढें कोणतेंच विशेष्य नव्हतें, आणि त्याचे भाग सांगितले होते. भाग गुणाचे होत नाहींत, द्रव्याचे होतात. एवढें पाहिलें असतें तर चूक टळली असती.

(४)

लोखंडास ‘तीक्ष्ण’ म्हणण्याची चाल अमरसिंहाच्याही आधींची आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांत खाणींचा अध्याय आहे. तेथें सोनें, रुपें, तांबें, शिसें, कथील यांच्या धातुपाषाणांचीं लक्षणें दिलीं असून लोखंडाच्या पाषाणास ‘तीक्ष्णधातु’ असें म्हटलें आहे. खाणीच्या प्रकरणांत ‘तीक्ष्ण’ हें धातूचें नांवच आहे. तेथें ‘तीव्र धातु’ असें भाषांतर केल्यास अर्थ नाहींसा होतो.

पुढें रसशास्त्रांत या नांवाचें क्षेत्र आवळलें. पुण्याच्या आनंदाश्रमानें छापलेला ‘रसरत्नसमुच्चय’ आमच्या बहुतेक वाचकांच्या संग्रहीं असेल. त्याच्या पांचव्या अध्यायांत लोहाच्या तीन जाति सांगितल्या आहेत : मुंड, तीक्ष्ण व कांत. मुंडाचे मृदु, कुंठ व कडार असे तीन पोटभेद. तीक्ष्णाचे खर, सार, हृन्नाल, तारावट्ट, वाजिर व काललोह असे सहा. आणि कांताचे भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक व रोमकांत असे पांच. मुंड म्हणजे नरम लोखंड, तीक्ष्ण म्हणजे धार धरणारें कठीण लोखंड अथवा पोलाद, आणि कांत म्हणजे लोहचुंबकाच्या वर्गांतील लोह, असा सामान्य विभाग आहे. म्हणजे अमरकोशांत जें सर्व लोखंडाचें नांव होतें, तें रसग्रंथांत एका जातीचें नांव झालें. वैद्यकी पोथींत ‘तीक्ष्ण’ शब्दाच्या मागेंपुढें ‘मुंड’ अथवा ‘कांत’ दिसलें कीं शंका उरत नाहीं. ही दुसरी खूण, शेजाऱ्यांची.

मुंडाच्या पोटभेदांत ‘कुंठ’ हें नांव आलें आहे याकडे लक्ष द्यावें. कुंठ म्हणजे बोथट. ज्या लोखंडास धार राहत नाहीं तें कुंठ, आणि ज्यास राहते तें तीक्ष्ण. धातूंचीं हीं नांवें लोहाराच्या अनुभवांतून आलीं, असें आम्हांस वाटतें. मराठींत पोलादास ‘तिखें’ हा जुना शब्द आहे तो याच तीक्ष्णाचा वंशज होय. कुऱ्हाडीचें सारें अंग पोलादाचें करणें परवडत नसे. म्हणून अंग साध्या लोखंडाचें करून धारेपुरतें पोलाद जोडीत. मुंड आणि तीक्ष्ण हा ग्रंथांतील भेद अशा एका कुऱ्हाडींतही पाहावयास मिळतो. पुढें फारसींतून आलेल्या ‘पोलाद’ शब्दानें ‘तिखें’ मागें सारलें, व आज तें बहुतेकांच्या कानांवरूनही गेलेलें नसतें.

(५)

त्याच अर्थशास्त्रांत, पण पहिल्या अधिकरणांत, हा शब्द मनुष्यास लाविलेला आहे. गूढपुरुषांच्या, म्हणजे हेरांच्या, प्रकरणांत सत्री, तीक्ष्ण, रसद व भिक्षुकी हे संचार करणारे हेर सांगितले आहेत. त्यांपैकीं ‘तीक्ष्ण’ म्हणजे देशांतील असे शूर लोक, कीं जे जिवाची पर्वा न करतां द्रव्यासाठीं हत्तीशीं किंवा हिंस्र पशूशीं झुंज घेतात. राजाच्या शत्रूस अथवा द्रोह्यास गुप्तपणें मारण्याचें काम अशांकडे असे. ‘रसद’ म्हणजे विष देणारा. फारसींतून मराठींत आलेल्या ‘रसद’ शब्दाशीं, म्हणजे सैन्याच्या धान्यसामग्रीशीं, त्याचा कांहींएक संबंध नाहीं. हाही एक फसविणारा सोपा शब्दच होय.

अमरसिंहानें ‘तीक्ष्ण’ शब्दास विष, घात व लोह हे अर्थ एका ठिकाणीं दिले, त्याचें मर्म येथें उमगतें. मारण्याचीं साधनें तींच आहेत. मात्र कोशांतील घात हा नपुंसकलिंगी आहे आणि अर्थशास्त्रांतील घातक पुल्लिंगी आहे. म्हणून येथेंही लिंगाकडे पाहणें अवश्य आहे.

त्याच अधिकरणांत दंडनीतीचा विचार करतांना ‘तीक्ष्णदंड’ राजाविषयीं सांगितलें आहे : कठोर दंड करणारा लोकांस भयंकर होतो, मृदु दंड करणाऱ्याची अवज्ञा होते, यथायोग्य दंड करणारा पूज्य होतो. येथें तीक्ष्ण हें विशेषण आहे व त्याचा जोडीदार मृदु आहे. म्हणजे एकाच ग्रंथांत, थोड्या पानांच्या अंतरानें, तीक्ष्ण हा मारेकरी आहे, दंडाचा कठोरपणा आहे आणि लोखंडही आहे. हा ग्रंथ अनेक शतकें केवळ नांवानें ठाऊक होता. इ. स. १९०५ मध्यें त्याची प्रत म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयांत आली, व तेथील ग्रंथपाल शामशास्त्री यांनीं इ. स. १९०९ मध्यें मूळ छापून प्रसिद्ध केलें. पुढें मुंबई विद्यापीठानें रा. प. कंगले यांची चिकित्सक आवृत्ति इ. स. १९६० पासून काढली. इतके दिवस परंपरा खंडित झालेल्या ग्रंथांत पारिभाषिक शब्दांचा अर्थ आंतील पुराव्यानेंच लावावा लागतो, आणि तेथें लिंग व शेजारी हेच साक्षीदार असतात.

(६)

आतां मूळ अर्थाकडे, धारेकडे, येऊं. धारेची तीक्ष्णता ही केवळ वर्णनाची गोष्ट नसून तिचीं मापें ठरलेलीं होतीं, हें सुश्रुतसंहितेवरून दिसतें. सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायांत शल्यवैद्याच्या शस्त्रांची धार किती बारीक असावी तें सांगितलें आहे. भेदन करणाऱ्या शस्त्रांची धार मसुरेएवढी, लेखन म्हणजे खरवडण्याच्या शस्त्रांची अर्ध्या मसुरेएवढी, व्यधन व विस्रावण म्हणजे टोंचणें व रक्त वाहविणें यांसाठीं केसाएवढी, आणि छेदनाच्या शस्त्रांची अर्ध्या केसाएवढी. शस्त्रास ‘पायना’ देण्याचे प्रकारही तीन आहेत : क्षारांत, पाण्यांत व तेलांत. ‘पायना’ म्हणजे पाजणें. तापविलेलें शस्त्र द्रवांत बुडविलें असतां तें तो द्रव प्यालें, अशी ही कल्पना. आपण आजही शस्त्रास ‘पाणी देणें’ व ‘पाजविणें’ म्हणतों, आणि चांगल्या तलवारीस ‘पाणीदार’ म्हणतों, तें याच कल्पनेस धरून आहे.

याच अध्यायांत शस्त्राचे आठ दोष सांगितले असून त्यांत ‘कुंठ’ आणि ‘खरधार’ हे दोन्ही आहेत. हें स्थळ अमरकोशाशेजारीं ठेवून पाहण्यासारखें आहे. अमरसिंह ‘तीक्ष्ण’ म्हणजे ‘खर’ असें सांगतो; सुश्रुत खर धारेस दोष म्हणतो. विरोध खरा नाहीं. ‘खर’ शब्दास प्रखर व खरखरीत असे दोन अर्थ आहेत, आणि शल्यवैद्यास खरखरीत, दांतेरी धार नको आहे. अपवाद एकच, करवतीचा. तिची धार हाड कापण्यासाठीं खरखरीतच असली पाहिजे, असें सुश्रुतानें स्पष्ट सांगितलें आहे. तेव्हां कोशांत समानार्थी दिसलेला शब्द शास्त्रांत घालतांना तें शास्त्र त्या शब्दास काय म्हणतें हें विचारणें भाग आहे.

(७)

तिसरी खूण विरुद्धार्थी शब्दाची. आमच्या मतें ही सर्वांत भरंवशाची. ‘तीक्ष्ण’ शब्दास एकच विरुद्ध शब्द नाहीं. जितकीं शास्त्रें तितके विरोधी आहेत.

शस्त्रांत तीक्ष्णाचा विरोधी कुंठ. रसशास्त्रांत, लोहाच्या जातींत, मुंड. दंडनीतींत मृदु. ज्योतिषांतही मृदुच : वराहमिहिरानें बृहत्संहितेंत मूळ, आर्द्रा, ज्येष्ठा व आश्लेषा हीं तीक्ष्ण नक्षत्रें आणि मृग, चित्रा, अनुराधा व रेवती हीं मृदु नक्षत्रें सांगितलीं आहेत, पहिल्या वर्गावर घात, बंध, वध, भेद अशीं कर्में करावीं असें म्हटलें आहे. वैद्यकांत मात्र तीक्ष्णाचा विरोधी मंद आहे. गुरु-लघु, शीत-उष्ण इत्यादि जे वीस गुण वैद्य मानतात, त्यांत मंद व तीक्ष्ण ही एक जोडी आहे. आणि जठराग्नीचे चार प्रकार सांगतांना विषम, तीक्ष्ण, मंद व सम असा क्रम येतो. येथें तीक्ष्ण म्हणजे जलद व जोरानें काम करणारा. चवीशीं त्याचा संबंध असेलच असें नाहीं. ‘तीक्ष्णाग्नि’ म्हणजे तिखट खाणारा मनुष्य नव्हे.

पोथीचें पान फाटलेलें असेल, प्रकरणाचें नांव गेलेलें असेल, तेव्हां ही खूण विशेष उपयोगी पडते. ‘मृदु’ दिसला तर ज्योतिष किंवा नीति, ‘मंद’ दिसला तर वैद्यक, ‘मुंड’ दिसला तर रसशास्त्र, असा पहिला अंदाज बांधतां येतो. वैद्यकांतही कोठें कोठें मृदु औषध व तीक्ष्ण औषध असा विरोध येतो. म्हणून अंदाज तो अंदाज, निर्णय नव्हे. परंतु गठ्ठे लावतांना अंदाजाचीही किंमत असते.

(८)

आतां मराठीकडे वळूं. प्राकृतांत ‘तीक्ष्ण’ शब्दाचीं दोन रूपें झालीं : ‘तिक्ख’ व ‘तिण्ह’. मराठीनें पहिलें रूप घेतलें. त्यापासून ‘तीख’, ‘तिखें’, ‘तिखट’ हे शब्द झाले. हिंदींतील ‘तीखा’ व गुजरातींतील ‘तीखुं’ हींही त्याच घरचीं. जुन्या पोथ्यांत ‘ख’ या अक्षराच्या जागीं ‘ष’ लिहिलेला पुष्कळ ठिकाणीं आढळतो, त्यामुळें ‘तिष’, ‘तिषट’ अशीं रूपें समोर येतात. तीं पाहून ‘विष’ असा पाठ सुधारण्याचा मोह होतो, आणि तीक्ष्ण म्हणजे विष असें अमरकोशांतच असल्यानें तो मोह अधिकच गोड वाटतो. सुधारण्यापूर्वीं त्याच हातानें ‘सुख’, ‘देखणें’ इत्यादि शब्द कसे लिहिले आहेत तें पाहावें. तेथेंही ‘ष’ असेल तर ‘तिष’ हा ‘तिख’च आहे.

मोडींत इकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळीत नाहींत, त्यामुळें ‘तीख’ कीं ‘तिख’ हा वाद तेथें व्यर्थ आहे. मोडी कागदांत खरा प्रश्न येतो तो ‘तेज’ शब्दाचा. संस्कृत ‘तेज’ हें नपुंसकलिंगी नाम. फारसी ‘तेज’ हें अविकारी विशेषण. ‘रत्नाचें तेज’ हा पहिला, ‘घोडा तेज आहे’ हा दुसरा. ‘तेजी’ शब्दासही दोन लिंगें आहेत : पुल्लिंगी तेजी म्हणजे चलाख जातिवंत घोडा, आणि स्त्रीलिंगी तेजी म्हणजे भावाची चढ. ‘तट्टाला टुमणी, तेजीला इशारत’ या म्हणींतील तेजी घोडा आहे, हें समजलें नाहीं तर म्हण निरर्थक होते. आणि बाजारांत तेजीच्या समोर जी मंदी उभी राहते, ती वैद्यांच्या तीक्ष्ण-मंद या जोडीची आठवण करून देते. विरुद्धार्थी शब्दाची खूण येथेंही खरी ठरते.

(९)

सर्वांत अधिक नुकसान ज्या ठिकाणीं होतें तें स्थळ आम्हीं शेवटीं ठेविलें आहे. तें म्हणजे चवीचीं नांवें. संस्कृत वैद्यकांतील सहा रसांत कटु आणि तिक्त हे दोन आहेत. कटु म्हणजे मिऱ्याची, सुंठीची चव. तिक्त म्हणजे निंबाची, गुळवेलीची चव. सुंठ, मिरें व पिंपळी यांस मिळून ‘त्रिकटु’ म्हणतात. त्यांतील एकही जिन्नस आपल्या भाषेंत कडू नाहीं. उलट ‘पंचतिक्त’ या वर्गांत निंब, गुळवेल, अडुळसा, पडवळ व रिंगणी येतात. ते आपल्या भाषेंत तिखट नाहींत, कडू आहेत.

मराठींत झालें असें. ‘कटु’ शब्दापासून ‘कडू’ झाला, पण अर्थ तिक्ताचा घेऊन बसला. कटु रसासाठीं रिकामी झालेली जागा तीक्ष्णाच्या वंशानें, म्हणजे ‘तिखट’ शब्दानें, भरली. आणि ‘तिक्त’ शब्दाचा वंश मराठींत चालला नाहीं. बंगालींत तो ‘तेतो’ या रूपानें कडू याच अर्थीं टिकला. गोंधळ पुरा होण्यास आणखी एक कारण आहे : ‘तिक्त’ हा शब्द ‘तिज्’ धातूचाच असून उच्चारानें ‘तिखट’ शब्दाजवळ जातो. म्हणून मराठी वाचणारा कटु पाहून कडू म्हणतो व तिक्त पाहून तिखट म्हणतो, आणि दोन्ही वेळां नेमकें उलटें करतो.

हें केवळ शब्दांचें भांडण नव्हे. आयुर्वेदाच्या मतें तिक्त रस पित्त शमवितो व कटु रस पित्त वाढवितो. पित्ताच्या रोग्यास तिक्त द्रव्यें द्यावीं, या वाक्याचें भाषांतर कोणी ‘तिखट पदार्थ द्यावे’ असें केलें, तर ग्रंथकाराच्या मताच्या बरोबर विरुद्ध मत त्याच्या नांवावर पडतें.

अर्थाची ही अदलाबदल आधुनिक काळांतील नाहीं, याचा एक चांगला पुरावा गीतेच्या टीकांत आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायाच्या नवव्या श्लोकांत राजस आहाराचीं विशेषणें आहेत. त्यांत कटु आणि तीक्ष्ण हीं दोन्ही आलीं आहेत. वैद्यकाच्या परिभाषेनें कटु म्हणजेच तिखट, मग तीक्ष्ण निराळें कां? श्रीधरस्वामींनीं सुबोधिनींत कटु पदार्थाचें उदाहरण निंबादि व तीक्ष्णाचें उदाहरण मिरें इत्यादि दिलें आहे. म्हणजे त्यांनीं कटु शब्द कडू या अर्थीं घेतला. मधुसूदन सरस्वतींनीं तर कारणही सांगितलें : कटु रस तीक्ष्ण शब्दानें सांगितला गेला आहे, म्हणून कटु म्हणजे तिक्त समजावें. आपल्या लोकभाषेंतील अर्थ संस्कृत टीकांत शिरला आहे, असें हें स्थळ पाहून वाटतें. कदाचित् ही खटपट त्याहूनही जुनी असेल. कारण कुटकी या अत्यंत कडू वनस्पतीस वैद्यक ग्रंथ स्वतःच ‘कटुका’ व ‘कटुरोहिणी’ म्हणतात, आणि रस मात्र तिक्त सांगतात.

‘तिखट’ शब्दाविषयीं आणखी एक सावधगिरी हवी. आज नपुंसकलिंगी ‘तिखट’ म्हणजे मिरचीची पूड. मिरची ही अमेरिकेंतील वनस्पति, कोलंबसाच्या इ. स. १४९२ च्या सफरीपूर्वीं ती आपल्या खंडांत नव्हती, व पोर्तुगीजांच्या व्यापारानें ती हिंदुस्थानांत आली. तिचें नांवही जुन्या मिऱ्यांवरूनच पडलें. म्हणून यादवकालीन ग्रंथांत ‘तिखट’ आलें तर तेथें मिरें, सुंठ, पिंपळी किंवा नुसता तिखट गुण समजावा. मिरची समजूं नये. उलट, जुनी म्हणून सांगितलेल्या पाककृतींत किंवा औषधांत मिरचीचें स्पष्ट नांव असेल तर तो मजकूर सोळाव्या शतकाच्या पूर्वीचा मानतां येणार नाहीं. पण नुसत्या ‘तिखट’ शब्दावरून काळ ठरवूं नये. तो शब्द मिरचीहून जुना आहे.

(१०)

एवढ्या विवेचनाचा उपयोग व्हावा म्हणून संग्राहकांस दोन विनंत्या कराव्याशा वाटतात. पहिली अशी कीं, आपल्या यादींत जेथें ‘तीक्ष्ण’, ‘तिख’, ‘तिखट’, ‘कटु’, ‘तिक्त’ यांपैकीं एखाद्या शब्दावरून औषधाचा वर्ग ठरविला असेल, तेथें तें पान पुन्हां एकदां काढून लिंग, शेजारी व विरुद्धार्थी शब्द या तीन खुणांनीं पाहावें. पुटें, भस्म, मुंड, कांत यांपैकीं कांहीं जवळ असेल तर पानाचा गठ्ठा बदलावा लागेल. मूळ शब्द मात्र यादींत जसाच्या तसा ठेवावा. आपला अर्थ कंसांत लिहावा व त्यापुढें आपलें नांव आणि तारीख घालावी, म्हणजे पुढच्यास चूक कोणाची तें कळेल.

दुसरी विनंती अशी. गीतेच्या मराठी टीकांच्या हस्तलिखित प्रति बहुतेक प्रत्येक संग्रहांत आहेत. शके १२१२ मधील ज्ञानेश्वरी, दासोपंतांचा गीतार्णव, वामनपंडितांची यथार्थदीपिका, यांच्या ज्या प्रति हाताशीं असतील त्या सतराव्या अध्यायाच्या नवव्या श्लोकापाशीं उघडाव्या, आणि कटु व तीक्ष्ण या दोन पदांसाठीं कोणते मराठी शब्द घातले आहेत तें प्रतीच्या लेखनशकासह उतरून पाठवावें. निरनिराळ्या शतकांतील व निरनिराळ्या प्रांतांतील असे पांचपन्नास उतारे एकत्र झाले, तर कडू आणि तिखट या दोन साध्या शब्दांनीं आपल्या भाषेंत आपापलीं घरें केव्हां व कशीं बदललीं, याचा इतिहास पुराव्यानें लिहितां येईल.

आमच्या चुकलेल्या पानावरील टीप आम्हीं खोडली नाहीं. तिच्याखालीं दुरुस्ती लिहून पान त्याच्या गठ्ठ्यांत परत ठेविलें आहे. चूक दिसत राहिली तर ती पुन्हां होण्याचा संभव कमी, असें आम्हांस वाटतें.